उभी राहीपर्यंत हजेरी

ती माझी सख्खी धाकटी बहीण. पाठची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागलो की कुणी तोंड वाकडं करायचं नाही. भावाने बहिणीचं कौतुक नाही करायचं तर काय शेजाऱ्याने करायचं? आणि मी उठसूट कुणाला चांगलं म्हणणारा माणूस नाही. हातगाडीपासून सुरुवात केली, आज दोन ट्रक आहेत माझे. घरसामान हलवायचं म्हटलं की आमच्या भागात लोक आधी माझ्याकडे येतात, मग परवडलं नाही तर दुसऱ्याकडे. शाळा सातवीपर्यंत. त्यापुढे मास्तरांना मी झेपलो नाही.

लोकांना वाटतं आमचा धंदा म्हणजे नुसतं ताकदीचं काम. फ्रिज कुणीही उचलतो हो. पण काचेचे ग्लास, आरसे, म्हातारीने जीव लावलेलं लंबकाचं घड्याळ, हे माझी बहीण बांधते. जुने कागद, चिंध्या, सुतळी आणि तिचे दोन हात, बास. तिने बांधलेला एक कपसुद्धा आजवर फुटलेला नाही. मी फोडलेत, ते वेगळं.

भाव ठरवायलाही तीच जाते. गिऱ्हाइकाने दार उघडलं की चप्पल काढायच्या आत तिचा पहिला प्रश्न असतो, मजला कितवा आणि लिफ्ट आहे का. मग घरभर फिरते. कपाटं उघडते, पलंगाखाली वाकते, माळ्यावर चढून बघते. सगळं बघून झालं की उभ्या उभ्या एक आकडा सांगते, उक्तं. म्हणजे सगळं धरून एकच रक्कम, वर काही मागायचं नाही. तिचा शब्द गेला की गेला. एकदा एका साहेबाने गच्चीवरच्या सिमेंटच्या कुंड्या चादरीखाली झाकून ठेवल्या होत्या. ओली माती भरलेल्या, माणसाएवढ्या झाडांच्या. गाडी भरत आल्यावर त्याने चादर काढली आणि म्हणाला, अरे हो, एवढं राहिलंच. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. बहीण म्हणाली, "दादा, शब्द दिलाय. शिव्या देत ने, पण ने." नेल्या. प्रत्येक मजल्यावर नवीन शिवी हासडत नेल्या.

अशी बाई. आणि तिलाच लोकांनी फसवलं, म्हणून माझं डोकं अजून तापतं.

तिचा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो. माणूस कमी बोलतो, पण बिघडलेला पंप त्यांच्याशी बोलतो म्हणे. लग्नानंतर बहिणीला दिवस गेले. सगळं नीट चाललं होतं आणि शेवटी शेवटी एका दुपारी अंगावरून रक्त जायला लागलं. बाळ गेलं. हिला वाचवायला डॉक्टरांना गर्भपिशवी काढावी लागली. त्या दुपारबद्दल मी जास्त बोलणार नाही. बाहेरच्या बाकावर मी आणि पाहुणे बसलो होतो, एवढं पुरे.

मग नातेवाइकांनी सुरू केलं. तिची नणंद तर सल्ल्यांचं दुकान उघडून बसली होती. भावाचं दुसरं लग्न, स्वतःच्या जावेचं मूल दत्तक, काय काय. पाहुणे ऐकून घ्यायचे आणि पान्हे पुसत बसायचे. काही वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिची बीजं चांगली आहेत, दोघांचं मूल दुसरी बाई पोटात वाढवू शकते. त्याला सरोगसी म्हणतात. मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं हा कसलातरी विमा आहे. नंतर कळलं, विमा असता तर बरं झालं असतं.

दोघांनी पैसे साठवायला घेतले. बहिणीने घराच्या वर एक खोली बांधायची ठरवली होती, ते पैसे वेगळे. हे वेगळे. सणावाराला नवा कपडा नाही, कुठे जाणं नाही. मी म्हटलं माझ्याकडून घे, तर म्हणाली लागले तर मागीन. तिचं लागणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, ती पाय मोडला तरी रिक्षा करायची नाही.

त्या दवाखान्यात मी दोघांबरोबर गेलो होतो. काचेचं दार, आत हिवाळा, टेबलावर प्लास्टिकची फुलं. समोर एक बाई बसलेली, सारखी हसायची. चांगली बातमी असो वाईट असो, ती हसूनच द्यायची. आम्ही तिला आपसात हसरी म्हणायला लागलो. हसरीने पॅकेज सांगितलं. बाई शोधून देणार ते, तपासण्या त्यांच्या, डॉक्टर त्यांचे, वकील त्यांचा, त्या बाईला दर महिन्याचा भत्ता तेच देणार. बहिणीने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "हे उक्तं ना? सगळं धरून?"

"अगदी. सगळं धरून," हसरी म्हणाली.

झालं. आमच्या धंद्यात एवढं बोलून झालं की पुढे काही विचारायचं नसतं. विचारलं तर समोरच्याचा अपमान होतो. बहिणीने सही केली, पाहुण्यांनी केली, मी साक्षीदार म्हणून केली, आणि बाहेर येऊन आम्ही टपरीवर चहा प्यायलो. बहीण किती दिवसांनी हसत होती. म्हणाली, दादा, एक काळजी गेली, रक्कम तरी पक्की झाली.

पक्की! ऐका आता.

पहिल्या वेळी गर्भ रुजलाच नाही. दुसऱ्यांदा करायचं तर त्याचे वेगळे पैसे, कारण पॅकेज एका वेळेचं होतं. उरलेले गर्भ बर्फात ठेवले होते, त्याचं भाडं वेगळं. मी म्हटलं हे काय गोदाम आहे का? तर हो, तसंच समजा. इंजेक्शनं बाहेरून आणायची, ती धरलेली नव्हती. कागद पुन्हा करायचे म्हणून वकिलाने पुन्हा हात पुढे केला. त्या बाईचा विमा धरला होता, पण पोटातल्या बाळाचा नव्हता. प्रत्येक वेळी हसरी तो करार काढायची, शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात बोट ठेवायची आणि हसायची.

मी एकदा तिथे जाऊन असा आवाज चढवला की आतल्या खोलीतले डॉक्टर बाहेर आले. त्यांनी दारावरच्या माणसाला बोलावलं. तो ओळखीचा निघाला, त्याचं घर मीच हलवलं होतं. बिचारा माझा दंड धरून हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही माझं कपाट नेलं होतं. आज मला तुम्हाला न्यावं लागतंय." त्याचं बरोबर होतं. गेलो मुकाट्याने. पण रस्त्यावर येऊन मला जे बोलायचं होतं ते मी बोललो, आणि खिडक्या उघड्या होत्या.

दुसऱ्या वेळी रुजलं. उरलेल्यांतला तो शेवटचा होता, बर्फात आता काही नव्हतं. हे गेलं तर सगळं गेलं, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी बहिणीने मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ताटं बाजूला सारली आणि म्हणाली, चूक माझी आहे. घर न बघता भाव मान्य केला. आता तरी घर बघू. मला आधी कळलंच नाही. मग तिने पुढचे महिने एकेक खोली असल्यासारखे उघडायला सुरुवात केली. समजा त्या बाईला साखर वाढली, तर औषधं कुणी द्यायची? समजा तिला झोपून राहायला सांगितलं, तर तिच्या घरात कोण करणार? समजा पोट कापावं लागलं? समजा बाळ आधीच आलं आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, एका आठवड्याचं किती, महिन्याचं किती? बाळंतपणानंतर तिच्या अंगात ताकद येईपर्यंत कोण बघणार? पाहुणे एकेका दारामागे रक्कम सांगत होते, मी ओरडत होतो. म्हटलं शुभ बोल ना जरा.

"माळा बघितला नाही म्हणून रिकामा होतो का?" ती म्हणाली. "कुंड्या आठवतायत ना?"

सगळी बेरीज झाल्यावर पाहुण्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. वरच्या खोलीचे पैसे यात घालायचे ठरले. मी तिसऱ्या ट्रकसाठी पैसे भरून ठेवले होते, ते दुसऱ्या दिवशी परत घेतले. शोरूमवाला म्हणाला, अहो, नंबर जाईल तुमचा. म्हटलं जाऊ दे. उपकार म्हणून सांगत नाही, पण केलं ते केलं, न सांगायला मी काही साधुसंत नाही.

ज्यांना कुणाला हे करायचं असेल त्यांना माझं एकच सांगणं आहे. ते सांगतील तो आकडा म्हणजे नुसतं दार. आत किती खोल्या आहेत ते त्यांना विचारा. न हसता सांगा म्हणावं.

उठता उठता बहिणीने सहज विचारलं, "ती राहते कितव्या मजल्यावर?"

मी पाहुण्यांकडे बघितलं, पाहुण्यांनी माझ्याकडे. कुणालाच माहीत नव्हतं. आयुष्यभर परक्या माणसांना दारात हाच प्रश्न विचारत आलो आम्ही. जी बाई आमचं मूल घेऊन फिरत होती तिला विचारला नाही. कागद पुन्हा केले तेव्हा सहीच्या वेळी तिला एकदाच बघितलं होतं. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते, नवरा सोडून गेलाय, वडील सांभाळते, एवढंच कानावर होतं. बहीण खुर्चीत परत बसली. तिचा चेहरा असा झाला की मी शुभ-अशुभ सगळं विसरलो.

पत्ता करारावर होता. पण हसरीने सांगून ठेवलं होतं की परस्पर भेटू नका, सगळं उत्तम आहे. उत्तम ऐकत ऐकत पाचवा महिना लागला. मग एक दिवस औषधाच्या बिलात टाका घातल्याचा खर्च आला. बहिणीने फोन करून विचारलं तेव्हा कळलं की पिशवीचं तोंड नाजूक निघालं, टाका घातलाय, सक्त विश्रांती सांगितलीय. हे आम्हाला बिलावरून कळतंय! बहिणीने फोन ठेवला आणि म्हणाली, दादा, गाडी काढ.

तिसरा मजला. लिफ्ट नाही. जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने परत जावं. पाण्याचा नळ खाली चौकात. आम्ही वर चढत होतो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आमच्या पुढे एक बाई होती, एका हातात भरलेली बादली, दुसरा हात कठड्याला. पायरी चढायची, बादली टेकवायची, पुन्हा उचलायची. तिने मागे बघितलं आणि बादली तशीच हातात धरून उभी राहिली. ओळख पटली तिला. आम्हालाही.

मी बादली घेतली. वरपर्यंत नेली, थेंब न सांडता.

एकच खोली. खाटेवर तिचे वडील, एक बाजू लुळी पडलेली. जन्मभर बस चालवली म्हाताऱ्याने, डोळे अजून रस्त्यावर असल्यासारखे भिरभिरत होते. कोपऱ्यात लसणाची दोन पोती. कँटीनने तिच्या जागी दुसरी घेतली होती, पण दया म्हणून लसूण सोलायला देत होते. पोती कोण वर आणतं, मी विचारलं. ती जमिनीकडे बघायला लागली. भत्ता पूर्वीइतकाच येत होता, पगार बंद झाला होता, वडिलांना उठवायचं बसवायचं तिनेच. विश्रांती कुणी घ्यायची आणि कधी? तिला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, आम्ही दवाखान्याला सांगू आणि ते भत्ता बंद करतील.

खाली उतरताना माझा बांध फुटला. म्हटलं, दोघांची सगळी कमाई, शेवटची आशा, आणि ठेवलीय कुठे? असल्या घरात! असल्या घरात कुणी आपलं सामान ठेवील का?

बहीण जिन्यातच थांबली. "ती घर नाही, दादा. ती हमाल आहे. आपल्यासारखी."

एवढंच बोलली आणि उतरायला लागली. मी मागे उभा राहून विचार करत होतो की ही माझ्यापेक्षा लहान कशी.

तिथून थेट दवाखाना. पाहुणे कामावरून परस्पर आले, हाताला ग्रीस तसंच. हसरीने खुर्च्या दिल्या. बहिणीने सांगितलं की तिचा बुडालेला पगार आम्ही देतो, वडिलांना बघायला माणूस लावतो, किती ते तुम्ही ठरवा. हसरी म्हणाली की तसं करता येत नाही. तिचा भत्ता ठरलेला आहे, सगळं धरून आहे, तिने सही केलीय.

"म्हणजे आमचं रोज वाढतं," बहीण म्हणाली, "आणि तिचं तेवढं उक्तं?"

हसरी हसली. मग म्हणाली की तुमचा आग्रहच असेल तर बुडालेला पगार आमच्यामार्फत देऊ, त्यावर आमचा सेवाखर्च लागेल. ऐकलंत? आमच्या खिशातले पैसे तिच्या हातात ठेवायचे, त्याची यांना हमाली! मी उठलो. पाहुण्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, ग्रीसचा पंजा उमटला, बसलो. बहिणीने तोही खर्च मान्य केला. मग विचारलं की बाळाला काही झालं तर पगार पुढे चालू राहील का. नाही, हसरी म्हणाली, गर्भ राहिला नाही तर करार तिथेच संपतो. आणि हेही आठवण करून दिलं की परस्पर एक पैसाही द्यायचा नाही, कलम आहे.

बहीण उठली. पदर सारखा केला. "पैसे देऊ नका असं लिहिलंय. घरसामान हलवू नका असं कुठे लिहिलंय?"

पहिल्यांदा त्या बाईचं हसू उतरलेलं मी बघितलं. तिने ती शेवटची पानं उलटून पालटून बघितली. नव्हतंच लिहिलेलं.

ही बातमी नणंदेपर्यंत कशी पोचली देव जाणे, पण आम्ही घरी यायच्या आत तिचा फोन. पैसे मोजलेत ना तिला, मग आता काय घरात आणून बसवणार? आणि बापही येणार? उद्या म्हणाल मालमत्तेतही वाटा द्या. पाहुण्यांनी अख्खं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तू ये बघायला. येताना हात हलवत येऊ नको, पाणी भरायला लागेल." आणि फोन ठेवला. त्या माणसाच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी तेव्हाच ऐकलं.

संध्याकाळी पुन्हा तिसरा मजला. बहीण तिच्याजवळ चटईवर बसली, मी दाराशी. बहिणीने सांगितलं की आमचं घर तळमजल्यावर आहे, नळ आत आहे, मागची खोली तुझी आणि बाबांची. वाटलं होतं ती रडेल, हात जोडेल. कसलं काय.

"म्हणजे मी उठले-बसले तर तुम्हाला दिसेल, म्हणून ना?" ती म्हणाली.

माझ्या कानशिलाला आग लागली. एवढं करतोय आम्ही आणि वर हे? मी तोंड उघडणार तोच बहिणीने हाताने मला थांबवलं आणि म्हणाली की हो, तेही आहे. खोटं नाही बोलणार. पण खोलीला आतून कडी आहे आणि किल्ली तुझ्याकडे राहील. वडिलांना बघायला माणूस आम्ही लावू. तुला कुणी विचारणार नाही कुठे चाललीस, फक्त जिना नाही आणि बादली नाही.

ती म्हणाली की मला कुणाचं फुकट खायची सवय नाही.

मग बहिणीने तिला आमची रीत सांगितली. आमच्याकडे सामान उचलताना हमालाच्या पाठीत भरलं किंवा पाय मुरगळला, तर तो पुन्हा उभा राहीपर्यंत त्याची हजेरी चालू असते. तो घरी झोपून असतो आणि आठवड्याच्या शेवटी त्याचा पगार घरी जातो. त्याला कुणी फुकटा म्हणत नाही. म्हटलं तर हा माझा भाऊ त्याचे दात पाडतो. गिऱ्हाइकाशी आपलं उक्तं असतं, हमालाचं कधी उक्तं नसतं.

हे खरं आहे. ही रीत मी घातली, आणि या भागात दुसऱ्या कुणाकडे नाही. विचारून या.

ती पाठ भिंतीला टेकून ऐकत होती. हात पोटावर नव्हते, लसणाचा वास लागलेली बोटं ओढणीला पुसत होती. म्हाताराही खाटेवरून कान देऊन होता. मग तिने विचारलं, "आणि नाहीच टिकलं तर? मग हजेरी बंद?"

हा एक माळा आम्ही उघडला नव्हता. त्या जेवणाच्या दिवशी बहिणीने सगळी दारं उघडली, हे एक सोडून. त्याच्या आत तिची स्वतःची ती दुपार होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मी दाराच्या बिजागरीकडे बघत राहिलो.

"तरी चालू," बहीण म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "तू उभी राहीपर्यंत. मी त्यातून गेलेय, उभं राहायला वेळ लागतो. आणि करार संपला की त्यांचं कलमही संपलं, मग मी तुझ्या हातात दिले तर कोण विचारतंय."

तिने हात लांबवून वडिलांचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, सकाळी सांगते.

घरी येताना मी बडबडत होतो. सकाळी सांगते म्हणजे काय? हिला अजून काय पाहिजे? आणि मूल राहिलं नाही तर तिला पगार द्यायचा, तो कुठून, माझी हाडं विकून? आणि सेवाखर्च, आणि ती हसरी, आणि तो जिना बांधणारा. बहीण खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, बेरजेत घाल. मी म्हटलं घातलं. आणि मग रेडिओ लावला, कारण ती मांडीवर सुतळीचा एक तुकडा सारखा गुंडाळत आणि सोडत होती आणि ते मी बघितलं हे तिला कळायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतोय तोवर बहिणीचा निरोप आला. त्या बाईने फोन करून तिला एकच विचारलं होतं, खोके तुम्ही आणता की मी शोधू?

दोन माणसं घेतली, पाहुणे आले, बहीण सुतळी घेऊन आधीच पोचली होती. सामान ते कितीसं. शेगडी, भांडी, खाट, एक लोखंडी पेटी. लसणाची पोती मी स्वतः कँटीनच्या दारात नेऊन टाकली आणि तिथल्या मुकादमाला दोन शब्द सुनावले. मग तिला न्यायची वेळ आली. पायऱ्या उतरायच्या नव्हत्या. हात असलेल्या खुर्चीत बसवलं, बहिणीने कमरेला चादर गुंडाळून गाठ मारली, पुढून पाहुणे, मागून मी. पियानो उतरवलाय मी आयुष्यात, लोखंडी तिजोरी उतरवलीय. इतका घाम कधी आला नव्हता. वळणावर मी म्हटलं जरा डावीकडे, तर ती वरून म्हणते, "डावीकडे नाही हो, तिथली पायरी फुटलीय. उजवीकडून घ्या, रोजचा जिना आहे माझा." उजवीकडून घेतलं. चौकातल्या नळावरच्या बाया बादल्या खाली ठेवून बघत होत्या, आणि कुणीतरी म्हणालं, नवरीला पण अशी नेत नाहीत. ती खुर्चीत मान ताठ करून बसली होती.

म्हाताऱ्याला मी पाठीवर घेऊन उतरवलं आणि पुढे माझ्या शेजारी बसवलं. तो पूर्ण रस्ताभर माझ्या गाडी चालवण्यावर बोलत होता. गिअर उशिरा टाकता, क्लचवर पाय ठेवून बसता. आजवर माझ्या ट्रकमध्ये बसून मला हे बोलायची कुणाची हिंमत झाली नव्हती. खड्डे मात्र त्याने सांगितले तसेच चुकवले, मागे गादीवर ती होती.

घरी आल्यावर तिला मागच्या खोलीत पलंगावर निजवलं. बहिणीने किल्ली तिच्या उशाशी ठेवली. ती काहीतरी सांगत होती, शेगडी कुठे ठेवायची, बाबांना दुपारी कुठली गोळी, आणि सांगता सांगता वाक्य अर्ध्यावर सोडून झोपली. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. पाहुणे पंखा लावायला गेले तर बहिणीने त्यांचा हात धरला, त्या बटणाचा आवाज होतो. मग ती ओसरीवर बसून भांडी सोडायला लागली, एकेक कागद असा उलगडत होती की सळसळ होऊ नये. माझ्या माणसांनी विचारलं, मालक, निघायचं का? मी नुसती मान हलवली.

गाडीच्या मागचा फाळका लावायचा होता. तो जुना आहे, लावताना असा आपटतो की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. मी तो तसाच उघडा ठेवला, दोघांना ढकलायला लावून गाडी गल्लीबाहेर काढली आणि मग चालू केली.